पोस्टफिक्सची रांग पुन्हा पुन्हा तुंबते: अडकलेले मेल ओळखायचे कसे आणि काढायचे कसे

सकाळी साडेनऊला कॉलेजच्या ऑफिसमधून फोन आला. "सर, कालपासून मेल जात नाहीयेत. मुलांचे सारखे फोन येतायत." आमचे मेल पोस्टफिक्स हा प्रोग्राम पोहोचवतो. त्याच्या सर्व्हरवर लॉग-इन केलं, जायच्या मेलांची रांग पाहिली, तर पडद्यावरून ओळी धावत सुटल्या. शेवटच्या ओळीत आकडा होता ६,४१२ रिक्वेस्ट, म्हणजे तितके मेल थांबलेले.

अशा वेळी हात आपोआप एका कमांडकडे जातो. कुठेही शोधलं तरी पहिल्याच उत्तरात ती सापडते: पोस्टसुपर -डी ऑल (ऑल मोठ्या अक्षरांत). एका फटक्यात सगळी रांग साफ. मी एकदा नेमकं हेच केलं होतं. रांग रिकामी झाली, सर्व्हर पळायला लागला, आणि तीन दिवसांनी कळलं की पुसलेल्या मेलांमध्ये शिष्यवृत्तीच्या अर्जातल्या त्रुटी कळवणारे मेलही होते. पोस्टसुपरने पुसलेला मेल कुणालाही न कळवता जातो. पाठवणाऱ्याला वाटतं, पोहोचला. ज्याला हवा होता त्याला तर काही येणार होतं हेच माहीत नसतं. मग ऑफिसच्या भाऊसाहेबांनी यादी काढून दिली आणि आम्ही एकेका विद्यार्थ्याला फोन लावत बसलो. दोघांची मुदत तोवर टळली होती. ते मला अजून बोचतं, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहितो आहे.

सांगायचं ते एवढंच: रांग तुंबली की आधी वाचायची, मग पुसायची. प्रत्येक अडकलेल्या मेलखाली तो का अडकला हे पोस्टफिक्सने लिहून ठेवलेलं असतं. ते वाचायला दहा मिनिटं लागतात. न वाचता पुसलं तर चार दिवसांनी रांग पुन्हा तितकीच भरते, कारण मूळ कारण जागच्या जागीच असतं.

कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

मेल रांगेत का थांबतो

समोरचा सर्व्हर प्रत्येक मेलला तीन अंकी उत्तर देतो. ५ ने सुरू होणारं उत्तर म्हणजे कायमचा नकार: असा पत्ताच नाही, घेणार नाही, पुन्हा विचारू नका. असा मेल पोस्टफिक्स लगेच पाठवणाऱ्याकडे परत करतो, रांगेत ठेवत नाही. ४ ने सुरू होणारं उत्तर म्हणजे "आत्ता नाही, नंतर या". समोरून काहीच उत्तर आलं नाही तरी पोस्टफिक्स तेही "नंतर या" असंच धरतो. तुंबलेली रांग म्हणजे जवळजवळ नेहमी ही दुसऱ्या प्रकारची, आणि ती डिफर्ड नावाच्या फोल्डरमध्ये साठते. त्याच्या शेजारी इनकमिंग, ॲक्टिव्ह, होल्ड अशी आणखी फोल्डर असतात. सध्या लक्षात ठेवायचं ते डिफर्ड आणि होल्ड.

पोस्टफिक्स चिकाटीने प्रयत्न करतो. पहिला प्रयत्न फसला की पाच मिनिटांनी दुसरा, मग अंतर साधारण दुप्पट होत जातं, आणि ४,००० सेकंदांवर, म्हणजे सुमारे ६७ मिनिटांवर, येऊन थांबतं. हे ५ दिवस चालतं. म्हणजे एक न पोहोचणारा मेल पाच दिवसांत शंभरेक वेळा तेच दार ठोठावतो. असे सहा हजार मेल असले तर सर्व्हर कशात गुंतलेला असतो ते दिसतंच.

हे पाच दिवस उगाच ठेवलेले नाहीत. सर्व्हरनी एकमेकांना मेल देण्याची पद्धत म्हणजे एसएमटीपी. तिचं २००८ चं मानक, आरएफसी ५३२१, सांगतं की प्रयत्न सोडण्याआधी निदान ४-५ दिवस थांबावं. दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या छोट्या ऑफिसचा सर्व्हर बंद पडला तर तो सुरू करायला माणूस यायला तेवढे दिवस लागतातच. म्हणून रांग तुंबते या वैतागाने ही मुदत एक दिवसावर आणणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो.

आधी वाचायचं

पोस्टक्यू -पी

(इथे क्यू म्हणजे रांग, तो इंग्रजी शब्द पूर्ण टाइप करायचा.) ही कमांड प्रत्येक मेलची एक नोंद दाखवते. पहिल्या ओळीत क्यू आयडी (रांगेतल्या मेलचा ओळखक्रमांक), आकार, आल्याची वेळ आणि पाठवणाऱ्याचा पत्ता. त्याखाली कंसात कारण. त्याखाली ज्याला जायचं आहे त्याचा पत्ता. आयडीपुढे चांदणी असेल तर तो मेल आत्ता ॲक्टिव्हमध्ये आहे, म्हणजे त्याच्यावर काम चालू आहे. उद्गारचिन्ह असेल तर तो होल्डवर आहे.

हजारो नोंदी डोळ्यांनी वाचता येत नाहीत. त्यासाठी क्यूशेप ही कमांड आहे (इथे क्यू हे एकच अक्षर). डेबियन-उबुंटूवर ते पोस्टफिक्ससोबतच येतं, रेड हॅटच्या घराण्यात पोस्टफिक्स-पर्ल-स्क्रिप्ट्स हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं.

क्यूशेप डिफर्ड

एक तक्ता येतो. डावीकडे डोमेन (पत्त्यातला @ नंतरचा भाग), मग एकूण संख्या, आणि पुढे ५, १०, २०, ४० असे मिनिटांचे रकाने: कोणत्या डोमेनचे किती मेल किती जुने आहेत. सगळे आकडे उजवीकडे, जुन्या रकान्यांत असतील तर एखादी जुनी घाण साचलेली आहे, नवीन येत नाही. डावीकडच्या ५ आणि १० च्या रकान्यांत मोठे आकडे असतील तर नळ अजून चालू आहे. मग हीच कमांड -एस लावून चालवायची. या वेळी तक्ता ज्यांना जायचं आहे त्यांचा नसून पाठवणाऱ्यांच्या डोमेनचा येतो. हे दोन तक्ते शेजारी ठेवले की बहुतेक वेळा रोग ओळखता येतो.

एक फसवणारी ओळ आधीच सांगून ठेवतो. कारणाच्या जागी बऱ्याचदा "डिलिव्हरी टेम्पररिली सस्पेंडेड" असं दिसतं. हे खरं कारण नसतं. त्या ठिकाणी लागोपाठ प्रयत्न फसले म्हणून पोस्टफिक्सने स्वतःच थोडा वेळ तिकडे जाणं थांबवलेलं असतं. खरं कारण त्याच ओळीत पुढे असतं, किंवा लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, त्याच डोमेनच्या आधीच्या ओळीत.

एखादा मेल उघडून पाहायचा असेल तर

पोस्टकॅट -क्यू आणि पुढे आयडी

पूर्ण मेल दिसतो, हेडरसकट (कुणाकडून, कुणाला, केव्हा अशा वरच्या ओळी). लोकांचा खासगी मजकूर वाचणं आपलं काम नाही. -एच जोडलं की फक्त हेडर दिसतात, बहुतेक वेळा तेवढे पुरतात.

चुकलेलं स्पेलिंग

आमच्याकडे दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत हा प्रकार होतो. मुलं मोबाइलवर घाईघाईने फॉर्म भरतात, नाहीतर काउंटरवर पत्ता तोंडी सांगतात आणि दुसरं कुणी टाइप करतं. डॉट कॉमचं डॉट कॉन झालं तर त्रास होत नाही. असं डोमेनच नाही, डोमेनचे पत्ते सांगणारी यंत्रणा, डीएनएस, तसं लगेच सांगते आणि मेल त्याच मिनिटाला परत येतो. खरा त्रास जीमेलमधली दोन अक्षरं उलटसुलट झाली की होतो. लोकप्रिय नावांची अशी चुकलेली स्पेलिंगं अनेकदा दुसऱ्याच कुणी नोंदवून ठेवलेली असतात. तिथे जाहिरातींचं एखादं वेबपान असतं, मेल सर्व्हर नसतो. डोमेनला मेलसाठीची एमएक्स नोंद नसली तर नियमाप्रमाणे पोस्टफिक्स वेबसाइटच्या आयपीवरच पोर्ट २५, म्हणजे मेलचं दार, ठोठावतो. तिकडून ना होकार, ना नकार. ३० सेकंद वाट पाहून तो "कनेक्शन टाइम्ड आउट" लिहितो आणि मेल डिफर्डमध्ये जातो, पाच दिवसांसाठी.

हे ३० सेकंद किती महागात पडतात ते बघा. पोस्टफिक्स मुळात मेल पोहोचवणाऱ्या १०० प्रक्रिया एका वेळी चालवतो. अशी वेगवेगळी मेलेली डोमेन शेकड्यांनी असली आणि सगळ्या प्रक्रिया त्यांच्याच दारात उभ्या राहिल्या, तर मिनिटाला जेमतेम २०० प्रयत्न होतात, तेही सगळे वाया. मागे उभे असलेले चांगले पत्ते तोवर ताटकळतात. "मेल जात नाहीयेत" या तक्रारीतला मेल बहुतेक वेळा असा निर्दोष, मागे अडकलेला असतो.

आणखी एक गोष्ट. एखाद्या चुकलेल्या डोमेनच्या मालकाने मेल सर्व्हर लावला असेल तर तो आपले मेल घेईलही. मग रांग तुंबणार नाही, पण विद्यार्थ्याची माहिती परक्या हातात जाईल. म्हणून फक्त रांगेवर लक्ष ठेवून भागत नाही. लॉगमधून दर प्रवेशहंगामात डोमेनची यादी काढून एकदा नजरेखालून घालायलाच हवी.

यावर मी केलेला उपाय साधा आहे आणि तो पुसण्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. पोस्टफिक्सच्या ट्रान्सपोर्ट तक्त्यात (कोणत्या डोमेनचा मेल कसा न्यायचा ते सांगणारी फाइल) त्या चुकलेल्या डोमेनपुढे एरर हे ट्रान्सपोर्ट द्यायचं, आणि त्यापुढे ५.१.२ हा कोड व आपला संदेश: पत्त्याचं स्पेलिंग तपासा. मग बदललेला तक्ता पोस्टफिक्सला वाचता येईल असा करणारी पोस्टमॅप कमांड आणि पोस्टफिक्स रिलोड. रांगेतल्या त्या डोमेनच्या मेलांची पुढची पाळी आली की ते सगळे आपोआप पाठवणाऱ्याकडे परत जातात, कारण सांगून. एकही मेल हाताने पुसावा लागत नाही. पुढे कुणी तेच स्पेलिंग लिहिलं तर त्याला पाच दिवसांऐवजी पाच सेकंदांत कळतं. आमच्या तक्त्यात आता अशी चाळीसेक नावं जमली आहेत. अर्थात मूळ इलाज फॉर्मवरच आहे. पत्त्यावर आलेली लिंक दाबल्याशिवाय अर्ज पुढे सरकू नये.

कुणाचा तरी पासवर्ड गेला

क्यूशेपच्या पहिल्या तक्त्यात ओळखीचं एकही डोमेन नाही, सगळी परदेशी नावं. दुसऱ्या तक्त्यात मात्र एकच नाव, तेही आपलं. ५ मिनिटांच्या रकान्यातला आकडा दर मिनिटाला वाढतो आहे. हे दिसलं की समजायचं, आपल्या एखाद्या खात्यातून स्पॅम जातो आहे.

त्या ६,४१२ मेलांचं हेच होतं. एका प्राध्यापकांना "तुमचा मेलबॉक्स भरला आहे, इथे लॉग-इन करा" असा मेल आला होता आणि त्यांनी पासवर्ड टाकला होता. त्यांची चूक मी मानत नाही. ते पान हुबेहूब आमच्या वेबमेलसारखं होतं.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. नळ चालू ठेवून फरशी पुसत बसलो तर फरशी कधीच कोरडी होत नाही.

कोणतं खातं ते आधी शोधायचं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर विसंबू नका, तो खोटा लिहिता येतो. पोस्टकॅटने एक मेल उघडला की वरच्या नोंदींत सॅसल युजरनेम अशी एक ओळ असते. मेल पाठवताना ज्या खात्याने लॉग-इन केलं ते खातं तिथे लिहिलेलं असतं. त्या खात्याचा पासवर्ड लगेच बदला. लॉगमध्ये त्याच ओळीवर जो परका आयपी दिसतो तो फायरवॉलवर अडवा, कारण आधीच आत शिरलेलं कनेक्शन पासवर्ड बदलल्याने तुटत नाही. ओळ सापडली नाही आणि मेल वेबसाइटवरून निघालेले वाटत असतील तर हेडरमध्ये एक्स-पीएचपी-ओरिजिनेटिंग-स्क्रिप्ट शोधा. वेबसाइटच्या पीएचपी भाषेतली ती सोय चालू असेल तर कोणत्या फाइलमधून मेल निघाला त्याचं नाव तिथे मिळतं. बऱ्याचदा तो जुना, कुणी न पाहिलेला "संपर्क साधा" फॉर्म निघतो.

त्यानंतर मेल बाजूला काढायचे. पुसायचे नाहीत, बाजूला काढायचे:

पोस्टसुपर -एच -

छोटा एच म्हणजे होल्ड. पुढची एकटी आडवी रेघ म्हणजे आयडींची यादी मागच्या कमांडकडून घे. ती यादी लॉगमधून मिळते: ज्या ओळींत त्या खात्याचं सॅसल युजरनेम आहे, त्याच ओळींत क्यू आयडीही असतो. ग्रेप आणि ऑक या मजकूर निवडणाऱ्या कमांडनी तो रकाना वेगळा काढला की झालं. होल्डवरच्या मेलला पोस्टफिक्स हात लावत नाही. रांग लगेच हलकी होते, बाकीच्यांचे मेल धावायला लागतात, आणि आपल्याला शांतपणे पाहायला वेळ मिळतो. मोठा एच दिला की मेल होल्डवरून सुटतो. छोटा आणि मोठा एच यांत गडबड केली तर अडवलेला स्पॅम पुन्हा सुटतो, म्हणून एंटर दाबण्याआधी ओळ एकदा मोठ्याने वाचा. मी अजूनही वाचतो.

होल्डमधले दहा-वीस मेल हेडरपुरते पाहिले, सगळे एकाच साच्यातले निघाले, की मग तीच यादी पोस्टसुपर -डी ला द्यायची. त्या प्राध्यापकांनी स्वतः त्या दिवशी पाठवलेले चार खरे मेल आम्हाला असेच होल्डमध्ये सापडले. मोठ्या एचने ते सोडले. दुपारपर्यंत चारही पोहोचले.

हे झाल्यावर आपला आयपी स्पॅमहाउससारख्या काळ्या यादीत गेला आहे का ते पाहावंच लागतं. गेला असेल तर चांगले मेलही परत यायला लागतात. यादीतून नाव काढायची विनंती नळ बंद केल्यानंतरच करा. आधी केली तर नाव काही तासांत पुन्हा चढतं.

मेलर-डीमनच्या नावाचे ढीग

पाठवणाऱ्याच्या जागी मेलर-डीमन असेल तर तो मेल कुणी माणसाने पाठवलेला नाही. "तुमचा मेल पोहोचला नाही" असं सांगणारा तो बाउन्स आहे, आणि आता तोच पोहोचत नाहीये. हे घडतं असं: कुणीतरी खोट्या पत्त्यावरून आपल्याकडच्या नसलेल्या खात्याला स्पॅम पाठवतो. आपला सर्व्हर तो आधी घेतो, मग खातं नाही हे त्याच्या लक्षात येतं, आणि तो बाउन्स तयार करून त्या खोट्या पत्त्याकडे धाडतो. तिकडे घेणारं कुणी नसतं. शिवाय त्या पत्त्यावर खरा माणूस असेल तर आपण त्याला विनाकारण कचरा पाठवतो आहोत.

हे मेल पुसायला हरकत नाही. पण कारण वेगळीकडेच आहे: आपला सर्व्हर दारातच "असं खातं नाही" म्हणत नाहीये. दुसऱ्या सर्व्हरकडे मेल पुढे देणाऱ्या पोस्टफिक्समध्ये हे नेहमी दिसतं, विशेषतः राखीव एमएक्सवर, म्हणजे मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेणाऱ्या सर्व्हरवर. आतल्या सर्व्हरवरच्या खऱ्या खात्यांची यादी रिले रेसिपिएंट मॅप्स या सेटिंगला दिली की दारातूनच ५५० जातं आणि बाउन्स तयारच होत नाही. बाउन्सची मुदत वेगळी ठेवता येते, बाउन्स क्यू लाइफटाइम. ती मात्र मी बिनधास्त एक दिवसावर आणली आहे. माणसाच्या मेलला पाच दिवस, यंत्राच्या निरोपाला एक.

क्रॉनचे मेल

कुठल्याशा वेब सर्व्हरवर दर पाच मिनिटांनी एक क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) चालतो आणि काहीतरी छापतो. क्रॉन ते रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याच्या, नावाने मेल करतो. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात त्या मशीनचं आतलं नाव, डॉट लोकल किंवा लोकलडोमेन. पुढचा सर्व्हर म्हणतो ४५० ४.१.८, सेंडर ॲड्रेस रिजेक्टेड, डोमेन नॉट फाउंड. उत्तर ४ चं, म्हणून मेल पाच दिवस रांगेत. दिवसाला २८८, पाच दिवसांत १,४४०, एका क्रॉनमागे. त्या मशीनच्या पोस्टफिक्समध्ये मायओरिजिन या सेटिंगला खरं डोमेन द्या, किंवा स्क्रिप्टला गप्प करा, आणि एलियासेस या फाइलमध्ये रूटचा मेल जिवंत माणसाकडे वळवा. रूटचे मेल वाचले जात असते तर बऱ्याच मशीनच्या डिस्क वेळेवर वाचल्या असत्या.

ज्यांना हात लावायचा नाही

"मेल ट्रान्सपोर्ट अनअव्हेलेबल" दिसलं, किंवा १२७.०.०.१ वर पोर्ट १००२४ ला "कनेक्शन रिफ्यूज्ड" दिसलं, तर हात मागे घ्या. हे मेल बाहेर गेलेलेच नाहीत. आपल्याच सर्व्हरवरचा एखादा भाग, बहुतेक वेळा स्पॅम-व्हायरस तपासणारा फिल्टर अमाविस, बंद पडला आहे. त्याच्यासोबतचं क्लॅमएव्ही हे व्हायरस शोधणारं सॉफ्टवेअर मेमरी भरपूर खातं आणि छोट्या सर्व्हरवर त्यामुळे हे होतंच. रांगेतला प्रत्येक मेल खरा आहे. फिल्टर सुरू करा, मग पोस्टक्यू -एफ एकदा, फक्त एकदा. ही कमांड सगळ्या रांगेला एकाच वेळी धावायला लावते. न पोहोचणारे मेल भरलेले असताना ती दर दहा मिनिटांनी मारत बसलं तर चांगल्या मेलांची पाळी उलट मागे जाते.

४५० किंवा ४५१ सोबत "ग्रेलिस्टेड" असा शब्द दिसला तर काहीच करू नका. समोरचा सर्व्हर अनोळखी पाहुण्याला मुद्दाम एकदा परत पाठवतो. थोड्या वेळाने तो स्वतःच घेईल.

निकालाच्या दिवशी हजारो मेल एकदम जीमेलकडे सोडले की ४२१ येतं: हळू या. इथेही पोस्टक्यू -एफ मारू नका, वेग कमी करा. एसएमटीपी डेस्टिनेशन रेट डिले एक सेकंद केला की एकाच डोमेनकडे जाणाऱ्या मेलांत अंतर पडतं. एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच आपल्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या सोयी, नसतील तर त्या आधी करा. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने सगळ्याच पाठवणाऱ्यांकडून दोहोंपैकी एक मागितलं आहे, आणि जीमेलकडे दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि वर डीएमएआरसी (ही पडताळणी फसली तर काय करायचं ते सांगणारी नोंद) लागतं.

यादीतली सगळीच डोमेन टाइम आउट होत असतील, अगदी मोठीसुद्धा, तर दोष त्यांचा नाही. होस्टिंगवाल्याने किंवा इंटरनेटवाल्याने बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद केलं असण्याची दाट शक्यता आहे. ते उघडून मागा, नाहीतर पोर्ट ५८७ वरून रिले घ्या, म्हणजे दुसऱ्या मेल सर्व्हरमार्फत पाठवा.

आणि एकदा सेटिंगं दाखवणारी पोस्टकॉन्फ कमांड चालवून सॉफ्ट बाउन्स "यस" तर नाही ना ते पाहा. चाचणी करताना लावलेलं हे सेटिंग विसरलं की आपल्या सर्व्हरने द्यायचा ५ चा प्रत्येक पक्का नकार ४ होतो आणि नसलेल्या पत्त्यांचे मेल परत न जाता पाच दिवस पडून राहतात. एका ठिकाणी मी दोन तास इतर सगळं तपासलं आणि शेवटी ही एक ओळ निघाली.

पुसायचंच असेल तर

पोस्टफिक्स ३.१ पासून, म्हणजे २०१६ पासून, पोस्टक्यू -जे ही कमांड रांग जेसनमध्ये, म्हणजे प्रोग्रामला सहज वाचता येईल अशा साच्यात, देते. एका ओळीत एक मेल: कोणती रांग, आयडी, आल्याची वेळ, पाठवणारा, ज्यांना जायचं ते पत्ते आणि कारण. जेक्यू या जेसन गाळणाऱ्या कमांडने हवा तो पाठवणारा किंवा हवं ते डोमेन निवडायचं, फक्त आयडी बाहेर काढायचे, आणि आधी ते एका फाइलमध्ये टाकून मोजायचे. आकडा क्यूशेपच्या आकड्याशी जुळला तरच पुढे जायचं. जुळत नसेल तर निवड चुकली आहे.

मग दोन वाटा आहेत. स्पॅम आणि यंत्राचे निरोप असतील तर पोस्टसुपर -डी. माणसाने माणसाला लिहिलेले मेल असतील आणि ते पोहोचणारच नाहीत अशी खात्री असेल, तर पोस्टसुपर -एफ. ही सोय ३.५ पासून, म्हणजे २०२० पासून आहे. ती मेलची मुदत तिथेच संपवते, आणि पुढच्या पाळीला मेल रीतसर पाठवणाऱ्याकडे परत जातो. पाठवणाऱ्याला कळतं, तो फोन करू शकतो, दुसरा पत्ता शोधू शकतो. त्या शिष्यवृत्तीच्या वेळी मला ही वाट माहीत असती तर ती दोन मुलं सुटली असती.

एक बारीक धोका. पोस्टफिक्सचा छोटा क्यू आयडी पुन्हा वापरला जातो. आपण यादी काढली, चहा पिऊन आलो आणि मग पुसलं, तर मधल्या वेळात तोच आयडी एखाद्या नव्या मेलला मिळालेला असू शकतो. शक्यता फार कमी आहे, पण आहे. एनेबल लाँग क्यू आयडीज हे सेटिंग "यस" करा. मग आयडी पुन्हा वापरले जात नाहीत.

पुढच्या वेळेसाठी आणखी एकच सेटिंग सुचवतो: डिले वॉर्निंग टाइम. मुळात ते शून्य असतं, म्हणजे बंद. चार तास ठेवा. मेल चार तास अडकला की पाठवणाऱ्याला सूचना जाते की अजून पोहोचलेला नाही, प्रयत्न चालू आहेत. ऑफिसमधून फोन येतात, पण पाचव्या दिवशी येण्याऐवजी त्याच दुपारी येतात.

सगळं झाल्यावर सव्वा तास थांबा. ४,००० सेकंदांचं सर्वांत मोठं अंतर तेवढ्यात उलटून जातं आणि रांगेत उरलेल्या प्रत्येक मेलची एक तरी पाळी होते. मग क्यूशेप डिफर्ड पुन्हा चालवा. डावीकडचे ५, १०, २० चे रकाने शून्य किंवा एक-दोन दाखवत असतील तर नळ बंद झाला. तिथे पुन्हा तेच डोमेन दिसत असेल तर लॉगमध्ये त्या डोमेनची सर्वांत ताजी ओळ काढा आणि कंसातलं कारण पुन्हा पहिल्यापासून वाचा.